लांबचा एडका

कोकरू जन्मल्यावर लगेच उभं राहिलं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा आईच्या पोटाखाली पोचलं, कासेला डोकं घासलं आणि तिथंच अडलं. सड तोंडात जात होता, पण धरला जात नव्हता. खालचा जबडा वरच्यापेक्षा बोटाच्या पेरभर आखूड होता. जीभ एका बाजूनं बाहेर लोंबत होती.

जोतिबा खरात गुडघ्यावर बसला. कोकराच्या तोंडात अंगठा घालून त्यानं आत चाचपलं आणि अंगठा धोतराला पुसला.

"ह्यो बी तसलाच," तो म्हणाला.

त्याची बायको रंगूबाई हिनं मेंढीचं दूध वाटीत पिळलं, चिंधीचा बोळा केला आणि कोकराच्या जिभेवर थेंब थेंब सोडायला लागली. निम्मं दूध नाकातून बाहेर आलं. कोकराचं डोकं अर्जुनानं धरलं होतं. अर्जुना त्यांचा थोरला, वीस वर्षांचा, जन्मापासून बहिरा आणि त्यामुळं मुका. कळप तोच राखायचा. मेंढरं त्याच्या काठीच्या इशाऱ्यावर वळायची. दूध नाकातून आलेलं पाहून त्यानं बापाकडं बघितलं आणि तळहात जमिनीकडं उलटा केला. संपलं, असा त्याचा अर्थ होता.

चौऱ्याण्णव सालचा पाऊस कुरणवाडीवरून नुसता पुढं गेला होता. ओढा एकदा वाहिला आणि बंद झाला. माण तालुक्यातले बाकीचे कळप दिवाळीनंतर कृष्णाकाठाला उतरले. जोतिबा मागं राहिला, कारण मेंढ्या विणीला आल्या होत्या आणि कोकरं मरत होती. कोकरं टाकून चालता येत नाही, घेऊनही चालता येत नाही.

तोंड आखूड असलेलं कोकरू दोन-तीन दिवस जगायचं. पोट आत जायचं, बरगड्या दिसायला लागायच्या, मग ते आईकडं जायचंच बंद व्हायचं. अर्जुना त्याला बांधापलीकडं पुरायचा आणि वर दगड ठेवायचा, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. बांधापलीकडं आता दगडांची ओळ झाली होती.

"देवाचं काय तरी राह्यलंय," जोतिबा म्हणायचा.

देवाचं काही राहिलेलं नव्हतं. अर्जुनाला वाचा फुटावी म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानं बिरोबाला एडका सोडला होता. स्वतःच्या कळपातला सगळ्यात देखणा नर. शिंगं दोन वेढ्यांची, छाती रुंद. त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि तो देवाचा झाला. देवाचा एडका विकायचा नसतो, कापायचा नसतो, बडवून खच्ची करायचा नसतो. तो कळपातच राहतो. एरवी मेंढके दोन-तीन वर्षांनी एडका बदलतात. जोतिबाला बदलता आला नाही. अर्जुनाला वाचाही फुटली नाही.

जोतिबाची धाकटी मुलगी शिवांजली गावातल्या हायस्कूलला दहावीत होती. लहानपणी मेंढरांमागं फिरण्यात तिची दोन वर्षं बुडाली, म्हणून अठरावं लागलं तरी ती दहावीत. वर्गातल्या बाकीच्या मुलींपेक्षा वीतभर उंच होती आणि शेवटच्या बाकावर बसायची.

जीवशास्त्र शिकवायला दातार सर होते. मधु दातार, मूळ वाईचे. शाळेच्या खोलीला प्रयोगशाळा म्हणत, पण तिच्यात एक फुटकी परीक्षानळी आणि सापाची एक बरणी एवढंच होतं. त्यामुळं आनुवंशिकतेचा धडा आला तेव्हा सरांनी चिंचोके आणले. काही तसेच तपकिरी, काही भाजून साल काढलेले, पांढरे. टेबलावर दोन रुमाल पसरले.

"हा रुमाल म्हणजे बाप. हा म्हणजे आई. शरीराच्या प्रत्येक गुणासाठी आपल्याजवळ जनुकांची जोडी असते. म्हणजे दोन चिंचोके. मूल होताना बापाकडून त्यातला एक येतो, आईकडून एक. कुठला येईल ते आपल्या हातात नाही."

त्यांनी डोळे मिटून दोन्ही रुमालांतून एकेक चिंचोका उचलला. एक तपकिरी निघाला, एक पांढरा. तपकिरी त्यांनी पांढऱ्यावर ठेवला.

"काय दिसतंय?"

"तपकिरी," वर्ग म्हणाला.

"म्हणून तपकिरी प्रभावी. पांढरा गेला का कुठं? नाही. तो खाली आहे, दिसत नाही. तो अप्रभावी. पुढच्या पिढीत तो जसाच्या तसा जाऊ शकतो. आणि दोन्हीकडून पांढराच आला, तर मग तो दिसतो."

पाटलांचा वीरधवल पहिल्या बाकावरून म्हणाला, "सर, मग वरनं तपकिरी आन् खाली पांढरा, ह्ये वळखायचं कसं?"

"बघून ओळखता येत नाही. पुढं मूल झालं की कळतं."

"म्हंजी उशीर झाल्यावर!" वीरधवल म्हणाला आणि वर्ग हसला. सरही हसले. त्यांना वाटलं, मुलांना कळतंय.

शिवांजली उभी राहिली. एरवी ती विचारलं तरच बोलायची.

"सर, एडका आन् त्याचीच लेक असली तर?"

मुलं खाली माना घालून खिदळली. एक मुलगी दुसरीला कोपरानं ढोसत होती. सरांनी मात्र दोन चिंचोके पुन्हा हातात घेतले.

"चांगला प्रश्न आहे. समजा, एडक्याच्या आत एक पांढरा आहे. तो स्वतः धडधाकट. त्याच्या निम्म्या मुलींकडं तो पांढरा गेलेला असणार. त्याही धडधाकट. आता त्याच मुलींना तोच एडका लागला, तर पांढऱ्याला पांढरा भेटायची वेळ येते. बाहेरचा एडका असता, तर त्याच्याकडं नेमका तोच दोष असण्याचा संभव फार कमी."

"आन् मानसांत?"

"नियम एकच आहे. म्हणून फार जवळच्या नात्यात लग्न करू नये असं विज्ञान सांगतं."

निम्म्या वर्गाचे आईबाप एकमेकांचे आतेमामे होते.

"सर, मग आमचं समदं गावच पांढरं म्हना की!" वीरधवल ओरडला. हशा झाला. कुणीतरी "ब्बा, ब्बा" असा आवाज काढला. अर्जुना मेंढरं हाकताना असा आवाज काढायचा. शिवांजली खाली बसली.

दुसऱ्या दिवशी वीरधवलचा बाप शाळेत आला आणि पोरींपुढं एडक्या-मेंढ्यांचं काय शिकवता म्हणून हेडमास्तरांना बोलून गेला. हेडमास्तरांनी दातारांना बोलावून सांगितलं, "पुस्तकात आहे तेवढंच. परीक्षेपुरतं." दातारांनी वाईला बदलीचा अर्ज केलेला होता आणि त्यावर हेडमास्तरांची शिफारस लागणार होती. ते बरं म्हणाले.

शिवांजलीनं बापाला मेंढरांजवळच गाठलं. जोतिबा एका मेंढीच्या खुरात रुतलेला काटा काढत होता. तिनं समोर दोन खड्डे केले, त्यांत चिंचोके टाकले आणि सरांनी सांगितलं तसं सांगितलं. तो काटा काढता काढता ऐकत होता. मग त्यानं मेंढी सोडून दिली.

"थांब. परत सांग. पांढरा त्याच्या लेकीत जातो."

"निम्म्यांत."

जोतिबानं कळपाकडं बघितलं. त्याला कुठली मेंढी कुणाच्या पोटची हे विचारावं लागत नव्हतं. तो बोटानं दाखवत गेला. "ती कानतुटी, तिचं कोकरू मेलं. ती त्याचीच लेक. ती भुरी, तिचं मेलं. त्याचीच. ही म्हसवडच्या बाजारातनं आनलेली, हिची दोन्ही चांगली. ती बी इकतची, तिचं बी चांगलं." तो थांबला. "आयला. समदी ह्याच्याच लेकींची गेली की गं!"

"मग त्येच सांगतीया."

"देवाचा न्हाई कोप?"

"न्हाई आप्पा. एडका बदलला न्हाई, एवढंच."

जोतिबानं पटका काढून डोकं खाजवलं आणि पुन्हा बांधला. "शाळंत ह्ये शिकिवत्यात?" तो म्हणाला. "कामाचं हाय."

संध्याकाळी त्यानं हे तीन माणसांना सांगितलं. माझी पोरगी म्हणाली, असं प्रत्येकाला म्हणाला.

पण देवाचा एडका काढायचा कसा? पुजाऱ्यानं तोड सांगितली. एडका कळपातच ठेव, भंडारा लाव, मान दे, पण पोटाखाली गोणपाट बांध. मेंढ्यांवर उडाला तरी काही व्हायचं नाही. जोतिबानं गोणपाटाचा हातभर तुकडा कापला, कोपऱ्यांना सुतळ्या लावल्या. अर्जुनानं शिंगं धरली. एडक्यानं दोन धडका मारल्या, एक अर्जुनाच्या मांडीत बसली. शेवटी गोणपाट बांधलं गेलं आणि एडका पोटाखाली पडदा हलवत कळपात शिरला.

एसटीच्या थांब्यावर बसलेल्यांना विषयच मिळाला.

"जोतिबा, देवाला चड्डी शिवली व्हय रं?"

"शिवली की. तुला पायजे का?"

जोतिबा हसत पुढं गेला. लोक काय म्हणतील, देव काय म्हणेल, याची त्याला त्या दिवशी फिकीर नव्हती. त्याला पटलं होतं.

नव्या एडक्यासाठी तो म्हसवडच्या बाजारात गेला. चारदा गेला. एडके मिळत होते, पण तो आता आधी विचारायचा, बाप कुठला? आई कुठली? कुठल्या कळपातली? विकणारे वैतागायचे. "लगीन लावायचंय का काय मामा तुमाला?" एकानं विचारलं. जोतिबा म्हणाला, "तसंच समज. घरान्याचं बगाय लागतं." एक एडका पसंत पडला होता, पण त्याची आजी कुरणवाडीतलीच निघाली. जोतिबा रिकाम्या हातानं परत आला.

थंडी सरत आली तेव्हा हरणाबाई नवऱ्याला आणि लेकीला घेऊन आली. हरणाबाई जोतिबाची बहीण. आटपाडीकडं दिलेली, रंगूबाईच्या सख्ख्या भावाला. साटंलोटं होतं. जोतिबानं मामाची पोर रंगू केली आणि त्याच मांडवात मामाच्या पोराला, नानासोला, आपली बहीण दिली. त्यामुळं जोतिबा आणि नानासो दोघंही एकमेकांना दाजी म्हणायचे. हरणाबाईला दोन मुलं. लालासाहेब मुंबईला गोदीत कामाला होता. त्याच्या पाठची हौसा बहिरी-मुकी.

हौसा आली की अर्जुना घरी थांबायचा. दोघं भिंतीला टेकून बसायची आणि हातवारे करायची. त्या दिवशी तिनं एडक्याकडं बोट दाखवून पोटाखाली हात फिरवला, आणि अर्जुना घशातून मोठा आवाज काढत हसला. त्यांचे हातवारे दुसऱ्या कुणाला समजत नसत.

हरणाबाईनं चहा पिऊन बशी खाली ठेवली.

"दादा, लाला सुट्टीवर येतोय. चैत्रात उरकून टाकू."

"परीक्षा हाय तिची," रंगूबाई म्हणाली.

"हू दे की परीक्षा. मी का आडवी येतीया? परीक्षेचा कागद लिव्हल्यावर हळद लावू." मग ती शिवांजलीकडं वळली. "आन् तू कशापायी त्वांड पाडलंयस गं? मामाची पोर हाय तू त्याची. त्येचा पयला हक्क. म्या तुला पाळन्यातच सून केलीया."

"मला न्हाई करायचं आत्या."

"का? माजा लाला काय वाकडा हाय?"

"लालादादात काय न्हाई..."

"दादा म्हनू नगंस आता त्येला," हरणाबाई हसली. नानासोही हसला. मग हरणाबाईचं हसणं थांबलं. "ह्ये बग दादा. साट्यात मी गेले, साट्यात वयनी आली. माजा सबूद मोडला तर साटं बी मोडलं म्हन. मी ह्या घरात यिऊन बसती, वयनीनं तिकडं जावं."

नानासो जमिनीकडं बघत होता. रंगूबाईनं बशा उचलल्या आणि आत नेल्या.

शिवांजली आईच्या मागं चुलीपाशी गेली. हळू आवाजात तिनं आईला सांगितलं. चिंचोके घेतले नाहीत, तोंडानंच सांगितलं. आप्पा तुज्या आत्याचा ल्योक. तुमच्या दोघांच्यात एकच पांढरा असंल. म्हणून अर्जुनादादा. मामा आन् आत्या बी तसंच. म्हणून हौसा. आन् आता आमी दोघं त्याच दोन घरांतली.

रंगूबाई काटवटीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले.

"पोटुशी आसताना म्या गिरानात इळीनं भाजी चिरली म्हनून अर्जुना तसा झाला, असं म्हनायची तुजी आजी," ती म्हणाली. "मरस्तवर म्हनत हुती. गावानं बी म्हनलं. वीस वरसं."

"खोटं हाय त्ये. निम्मं आप्पाकडनं आलंय."

"निम्मं?"

"निम्मं. त्याबिगर व्हतच न्हाई."

रंगूबाईनं पिठाचे हात तसेच तोंडावर धरले. रडली नाही. थोड्या वेळानं तिनं गोळा पुन्हा हातात घेतला. गालावर पीठ राहिलं होतं.

"मला सांगितलंस, लय झालं. भाईर बोलू नगंस."

पण शिवांजली बोलली. पाहुणे गेल्यावर तिनं बापासमोर पुन्हा दोन खड्डे केले. जोतिबानं पहिलं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"मेंढरांचं मानसाला लावू नगंस."

"सरांनीच सांगितलंय. नियम एकच हाय."

"मास्तरनं सांगितलंय?"

"व्हय."

"मग मास्तरलाच इचारतो," जोतिबा म्हणाला. तो हे रागानं म्हणाला नाही. एडक्याच्या बाबतीत मास्तरचं खरं निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या पायरीखाली वहाणा काढून उभा राहिला. दातार सर वर्गाकडं निघाले होते. हेडमास्तरांच्या खोलीची खिडकी तिथंच उघडत होती आणि हेडमास्तर आत बसलेले होते.

"मास्तर, म्या शिवांजलीचा बाप. पोरगी म्हनती ते खरं हाय का?"

"मेंढ्यांचं? हो, खरं आहे."

"मेंढरांचं म्या बघितलं. मानसांचं इचारतोय. बहिनीच्या पोराला देतोय हिला. त्येची भन मुकी, आमचा थोरला बी मुका."

सरांनी खिडकीकडं बघितलं. "माणसांनाही नियम तोच आहे," ते आवाज खाली आणून म्हणाले.

"म्हंजी पोरं मुकीच हुनार?"

"मुकीच होणार असं नाही. शक्यता असते."

"हमखास न्हाई."

"हमखास नाही. दोघांच्याही आत दोष लपलेला असेल, तर दर खेपेला चारात एक. दोघांपैकी एकात जरी नसेल, तर तसं मूल होणार नाही."

"हिच्यात हाय का न्हाई ते सांगता येतं?"

"बाहेरून नाही सांगता येत."

"चारात एक," जोतिबा म्हणाला. त्यानं चार बोटं वर केली आणि एक मुडपलं. "म्हंजी तीन चांगली."

"हिशेबानं... हो."

सरांना पुढं बोलायचं होतं. एका घरात अर्जुना आणि दुसऱ्या घरात हौसा असताना हा हिशेब परका माणूस घेऊन केल्यासारखा करता येत नाही. पांढरा दोन्ही घरांत आहे हे तर आधीच दिसलंय. एवढं वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. आतून हेडमास्तर खाकरले. "दातार, तास सुरू झालाय."

"तुम्ही विचार करून ठरवा," सर म्हणाले.

"इचारच करतोय की." जोतिबानं वहाणा पायात घातल्या. "तुमच्यात करत्यात का मामाची पोर?"

"आमच्यात नाही करत."

"तरीच," जोतिबा म्हणाला आणि निघाला.

घरी येऊन तो ओट्यावर बसला आणि पाणी प्याला. शिवांजली समोर उभी होती. अर्जुना बाजूला शेळ्यांसाठी बाभळीचा पाला झोडपत होता.

"मास्तर म्हनला, हमखास काय न्हाई. चारात तीन चांगली निपजत्यात."

"मग एडका का बदलाय निगालास आप्पा? मेंढरांत बी चारात तीन चांगलीच हुती की."

जोतिबानं तांब्या खाली ठेवला. त्यानं अर्जुनाच्या काठीकडं बघितलं.

"मेंढरू मेल्यावर तोटा हुतो," तो म्हणाला.

"आन् मानूस?"

"मानूस कुटं मरतंय त्यानं? अर्जुना मेला का? जेवतोय, कळप राखतोय. त्याच्यावानी मेंढरं राखनारा पंचक्रोशीत न्हाई."

अर्जुनानं आपल्याकडं बघितलं जातंय हे पाहिलं आणि काठी थांबवून काय म्हणून मान उडवली. जोतिबानं हातानं त्याला सांगितलं, काही नाही, चालू दे.

रंगूबाई दारात आली होती. "पोरगी म्हनती निम्मं तुमच्याकडनं आलंय," ती नवऱ्याला म्हणाली. लग्न झाल्यापासून या विषयावर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आलं आसंल."

"वीस वरसं मला..."

"आता काय करू म्हंतीस? हरनाला घेऊ घरात आन् तुला धाडू तिकडं?"

रंगूबाई आत गेली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.

मार्चात परीक्षा झाली. विज्ञानाच्या पेपरात प्रश्न आला: प्रभावी व अप्रभावी गुण म्हणजे काय, ते उदाहरणासह स्पष्ट करा. शिवांजलीनं चिंचोके लिहिले, मग एडका लिहिला. पानाच्या तळाला आली तेव्हा तिनं दोन घरं काढली, त्यांच्यामध्ये रेघा ओढल्या. मग पर्यवेक्षकाकडं बघितलं आणि त्या रेघांवर काट मारली. परीक्षेला तेवढं लागत नव्हतं. शेवटचा पेपर देऊन ती घरी आली तेव्हा दारात मांडवाचे वासे येऊन पडले होते. दातार सरांच्या बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात आला.

चैत्रात लग्न लागलं. ऊन एवढं होतं की अक्षता पडल्या पडल्या पाहुणे सावलीला पळाले. लालासाहेबानं नवीन बूट घातले होते आणि तो सारखा वाकून त्यांवरची धूळ पुसत होता. वाईट मुलगा नव्हता. शिवांजलीला त्यानं हळूच विचारलं, "पानी पायजे का?"

जेवणं झाल्यावर आहेर सुरू झाले. नानासो टेम्पोकडं गेला आणि दोरीला धरून एक एडका घेऊन आला. काळाभोर, तीन वर्षांचा, शिंगांना गुलाल, गळ्यात घुंगरू. माणसं उठून बघायला आली.

"दाजी, तुमाला एडका गावंना म्हनून हरनानं सांगितलं. ह्यो घ्या. कळपातला पयला नंबर."

जोतिबाचा चेहरा खुलला. मेंढ्या माजावर येत चालल्या होत्या आणि कळपात नर होता तो गोणपाट बांधलेला. त्यानं हात धोतराला पुसला, एडक्याच्या पाठीवरून हात फिरवला, मांड्या दाबून बघितल्या. मग ओठ वर करून जबडा बघितला. जबडा नीट होता. त्यानं ओठ सोडला, पण हात तिथंच ठेवला.

"आई कुठली ह्येची?"

"घरचीच की. ती काळी न्हाई का? आवं, तुमच्याच काळीची पनती ती. हरनाच्या लग्नात तुमी दिल्याली काळी."

"आन् बाप?"

"बाप बी घरचाच."

जोतिबा दोन पावलं मागं सरला. त्यानं मान हलवली.

"न्हाई चालायचा दाजी."

"का वं?"

"रगत एकच झालं. आमच्याच मेंढरांतलं हाय त्ये फिरून. वरनं जबडा नीट दिसतोय, पर आत आसंल. मागनं कळतंय."

"आवं दादा," हरणाबाई हसायला लागली, "मेंढराचं बी आता गोत बगाय लागला व्हय?"

"बगाय लागतं हरने. लय कोकरं पुरली म्या औंदा."

जमलेली माणसं हसली. नानासोही हसला. मांडवाच्या खांबाला टेकून हळदीच्या हातांनी शिवांजली बसली होती, ती बापाकडं बघत राहिली. रंगूबाईही बघत होती. जोतिबानं त्या दोघींकडं बघितलं नाही. तो एडक्याच्या गळ्यातली दोरी सोडवून नीट बांधत होता.

"वाईट वाटून घिऊ नगा दाजी. जनावर झ्याक हाय. पर आमाला न्हाई लागू पडायचं."

ऊन कलल्यावर टेम्पो निघाला. मागं नवी भांडी, रुखवताच्या पाट्या आणि बायका. नवरी बायकांमध्ये बसली. अर्जुनानं एडका पोटाशी धरून उचलला आणि फळीवरून आत ठेवला. मग बहिणीकडं बघून त्यानं दोन्ही हातांचे तळवे जोडून गालाला लावले. ते तिला कळलं. घरात तेवढे एक-दोन इशारे सगळ्यांना कळायचे. नीट राहा.

हौसा एडक्याशेजारी बसली. त्याच्या शिंगावरचा गुलाल बोटाला लावून तिनं तो शिवांजलीच्या गालाला लावला आणि घशातून हसली.

टेम्पो चालू झाला. बायकांनी रडायला सुरुवात केली. रंगूबाई मांडवाच्या खांबाशी उभी राहिली, पुढं आली नाही. टेम्पो दहा हात गेला असेल, तेवढ्यात जोतिबा मागून पळत आला. पटका सुटला होता. त्यानं फळीला हात घातला आणि टेम्पोबरोबर चालू लागला. शिवांजली पुढं सरकली.

जोतिबानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग वाकून बायकांच्या मागं, केबिनच्या फटीकडं तोंड करून नानासोला ओरडून सांगितलं,

"दाजी, ऐकताय का? ह्या एडक्याला तुमच्या बी मेंढरांत सोडू नगा. बाजार दावा त्येला. आन् दुसरा आनताना लांबचा आना. लांबचाच बगा."

नानासोनं आतून हात वर केला. जोतिबानं फळी सोडली.